चूक दिसतेय, पण सांगायची कधी?

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही यंदाच बीसीएच्या पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल घ्यायला लागलात. एका बॅचला ४० मुलं, चालू मशीन २२, वेळ दोन तास. एक आठवडा एक्सेल, एक आठवडा सी किंवा पायथन. सारखा कुणाचा ना कुणाचा हात वर असतो. तुम्ही जाता, चूक काढून देता, आणि पुढच्या आठवड्यात तोच मुलगा त्याच चुकीपाशी अडलेला असतो. परवा एकाचा व्हीलुकअप (एका यादीतलं नाव दुसरीत शोधून त्याच्यासमोरची माहिती आणणारा एक्सेलचा फॉर्म्युला) निम्म्या नावांना उत्तर देत होता आणि निम्म्यांना ‘हॅश एनए’, म्हणजे सापडलं नाही. नावांच्या शेवटी जास्तीची स्पेस असणार हे तुमच्या लगेच लक्षात आलं. पण सांगून टाकावं की त्याला शोधू द्यावं, हे ठरेना.

मी १९ वर्षं तालुक्याच्या गावी प्रॅक्टिकल घेते आहे. मुलं बहुतेक मराठी माध्यमातून आलेली, घरी कॉम्प्युटर नसलेली. त्यामुळे मी सांगते ते अशा लॅबचं आहे. तुमच्याकडे मुलं वेगळी असतील, वेळ कमी असेल, तर त्यातलं काही जुळणार नाही.

माझ्या मते ‘सांगू की नको’ हा प्रश्न नंतरचा. त्याआधीची अडचण अशी की आपल्या बहुतेक मुलांना चूक झाली आहे हेच कळत नाही. लाल अक्षरं आली, ‘हॅश’ दिसलं, तर हात वर. आकडा आला की झालं, पुढचं सेव्ह. तो आकडा बरोबर आहे का, हे तपासायला त्यांच्याकडे काहीच नसतं, कारण उत्तर किती यायला हवं हे त्यांनी आधी ठरवलेलं नसतं. आणि उत्तर ठाऊक नसेल तर चूक दिसणार कशी?

सुरुवातीची चार-पाच वर्षं मीही तुमच्यासारखीच धावत होते. मुलं खूश, मीही खूश, सगळ्यांची जर्नलं वेळेत पूर्ण. मग एका वर्षी वार्षिक प्रॅक्टिकलला एक मुलगा ४० मिनिटं एकाच प्रोग्रॅमपुढे बसून राहिला. साधा दोन संख्यांच्या बेरजेचा प्रोग्रॅम, उत्तर मात्र भलतंच, आपण ज्याला गार्बेज व्हॅल्यू म्हणतो ते. स्कॅनएफ या इनपुट वाचणाऱ्या फंक्शनमध्ये व्हेरिएबलच्या, म्हणजे आकडा ठेवायला दिलेल्या नावाच्या, आधीचं अँड-चिन्ह (&) राहिलं होतं. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, समोर, मला बोलता येईना. तेच चिन्ह मी त्या वर्षात त्याच्या मशीनवर स्वतःच्या हातानं सहा-सात वेळा घातलं होतं. त्याच्यासमोर, त्याच्याच खुर्चीवर वाकून. त्यानं ते एकदाही स्वतः शोधलं नव्हतं. त्या दिवशी त्याचा चेहरा बघवला नाही. तेव्हापासून मी मुलांच्या माऊसला आणि कीबोर्डला हात लावत नाही. खुर्चीमागे उभी राहते, बोट स्क्रीनकडे, हात पाठीशी.

आणि पहिला प्रश्न नेहमी एकच विचारते : ‘उत्तर किती यायला हवं होतं?’

बहुतेक वेळा मुलगा गप्प होतो. मग कागद. अगदी लहान आकडे घ्यायचे आणि हातानं उत्तर काढायचं. पगारपत्रक असेल तर ५० कामगार नकोत, दोन पुरेत, आणि पगार १०,००० आणि २०,०००, म्हणजे टक्केवारी तोंडी निघते. प्रोग्रॅम असेल तर इनपुट २ आणि ३. उत्तर कागदावर आलं की मुलगा स्वतःच स्क्रीनकडे बघतो आणि म्हणतो, ‘मॅडम, हे वेगळं येतंय.’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं की निम्मं काम झालं असं मी धरते.

एक प्रसंग सांगते. एका मुलीनं मार्कशीट केली होती. पाच विषय, एकूण, टक्केवारी, शेरा. एका ओळीत मार्क होते ६२, ५८, ७१, ४९, ६६. एकूण आलं होतं २३५, टक्के ४७. तिला काहीच खटकलं नव्हतं, एररच नव्हता ना. मी तिला ती ओळ कागदावर मिळवायला सांगितली. ३०६ आले. ती फॉर्म्युला बघायला लागली, फॉर्म्युला बरोबर. रेंज, म्हणजे कुठून कुठपर्यंतचे सेल मिळवायचे, तीही बरोबर. दोनदा एंटर केलं, पुन्हा २३५. तेव्हा मी विचारलं, ‘फरक कितीचा आहे?’ तिनं वजाबाकी केली : ७१. आणि मग तिचं बोट आपोआप ७१ वर गेलं.

पण ७१ मध्ये वावगं काय? दिसायला इतरांसारखाच. आता एक्सेलमध्ये मूळची एक सोय आहे : आकडा असेल तर तो सेलच्या उजव्या कडेला जातो, मजकूर असेल तर डाव्या. मुलं शीट छान दिसावी म्हणून सगळं सेंटर करून टाकतात आणि ती खूण पुसली जाते. तिला मी सेंटर काढायला सांगितलं. चार आकडे उजवीकडे सरकले, ७१ तेवढा डावीकडे. त्या सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोणही होता. ‘ते असंच येतं मॅडम,’ ती म्हणाली. म्हणजे यंत्र पहिल्यापासून सांगत होतं, ते सांगणं आहे हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तो मजकूर कसा झाला, याचा मागही तिनंच काढला, आणि मला तो भाग सगळ्यात आवडला. रोल नंबर ००१ असा दिसावा म्हणून तिनं तो कॉलम टेक्स्ट केला होता. नंतर ब्रशनं, म्हणजे एका सेलचं रूप दुसऱ्यावर उमटवणाऱ्या बटनानं, तिथली बॉर्डर आणि रंग या सेलवर उचलून आणला, सोबत टेक्स्ट हे फॉरमॅटही आलं, आणि मग तिनं मार्क दुरुस्त करून ७१ पुन्हा टाइप केले. सम हा फंक्शन रेंजमधला मजकूर मुकाट्यानं सोडून देतो. तिनं फॉरमॅट बदलून जनरल केलं, तरी बेरीज हलली नाही, आणि ती रडकुंडीला आली. इथं मात्र मी सांगितलं : फॉरमॅट बदलल्यानं आत ठेवलेली वस्तू बदलत नाही, सेलमध्ये जाऊन एफ२ आणि एंटर कर. बेरीज ३०६ झाली. हे तिला स्वतःहून सापडण्यासारखं नव्हतं, आणि सापडेपर्यंत थांबवण्यात काही अर्थ नव्हता.

मूळ गोष्ट हीच आहे. स्क्रीनवर दिसतं ते एक आणि मशीनच्या पोटात असतं ते दुसरं. एक्सेल असो की प्रोग्रॅम, नवख्या मुलांच्या निम्म्याहून जास्त चुका या दोहोंच्या मध्ये असतात, असा माझा अनुभव आहे. तारखेचंच घ्या. मशीनची सेटिंग अमेरिकन असेल आणि मुलं आपल्या पद्धतीनं दिवस-महिना-वर्ष टाकत असतील, तर १२ तारखेपर्यंतच्या तारखा उजवीकडे बसतात, पण महिना आणि दिवस उलटे होऊन. १३ पासूनच्या डावीकडे राहतात, कारण तेरावा महिना नसतो. डावी-उजवी बघायची सवय असलेली पोरं हे दोन मिनिटांत पकडतात. आधारचा १२ आकडी नंबर टाकला की मधेच ‘ई’ येतं, तेव्हा मुलं घाबरतात. तिथं मात्र आतला आकडा शाबूत असतो, फक्त दाखवणं बदललेलं असतं. म्हणून प्रत्येक वेळी विचारायचं : बिघडलंय ते आतलं की दिसणारं?

पायथनमध्ये हाच प्रकार इनपुटचा. ५ आणि ३ दिले आणि बेरीज ५३ आली. मुलं प्लसच्या चिन्हाकडे संशयानं बघत बसतात. मी त्यांना टाइप हे फंक्शन वापरून दोन्ही व्हेरिएबल काय आहेत ते प्रिंट करायला लावते. ‘एसटीआर’, म्हणजे स्ट्रिंग किंवा मजकूर, असं उत्तर येतं, आणि पुढचं त्यांना सुचतं. मराठी मुलांना आवडणारी एक गोष्ट जाता जाता : इनपुटला कुणी देवनागरी आकडे टाइप केले, ‘१२’ असे, तरी पायथनचं इंट हे मजकुराची संख्या करणारं फंक्शन त्यांना नीट बारा समजतं. प्रोग्रॅमच्या ओळीत मात्र देवनागरी आकडे चालत नाहीत. हे करून दाखवलं की मजकूर आणि संख्या यांतला फरक त्यांच्या डोक्यात कायमचा बसतो.

आता एररशिवायच्या चुकीचं प्रोग्रॅममधलं उदाहरण, कारण तुम्ही सी शिकवता. फॅक्टोरियल, म्हणजे १ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार, प्रत्येक जर्नलमध्ये असतोच. अजून बऱ्याच लॅबमध्ये टर्बो सी हा जुना कंपायलर (प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणारा) आहे. तिथं इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, १६ बिटांचा, ३२,७६७ पर्यंतच जातो. मुलं ५ घालून बघतात, १२० येतं, सह्या घेतात. तुम्ही ८ घालायला सांगा. यायला हवं ४०,३२०, येतं उणे २५,२१६. उणे दिसलं की निदान पोरं दचकतात. खरी गंमत नव्या कंपायलरमध्ये, जिथं इंट ३२ बिटांचा असतो. १२ चा फॅक्टोरियल ४७,९०,०१,६०० बरोबर येतो. १३ ला येतं १,९३,२०,५३,५०४. अधिक चिन्हाचा, भरघोस, अगदी पटण्यासारखा आकडा, आणि साफ चुकीचा.

तो चुकीचा आहे हे कॅल्क्युलेटर न घेता कसं ओळखायचं? हा प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवते आणि दहा मिनिटं गप्प बसते. कधीतरी मागच्या बाकावरून उत्तर येतं : १० चा फॅक्टोरियल दोन शून्यांवर संपतो, पुढं कशानंही गुणलं तरी ती शून्यं जाणार नाहीत, आणि हा तर ४ वर संपतो. ज्या मुलाला हे सुचतं त्याला ‘ओव्हरफ्लो’, म्हणजे आकडा ठरलेल्या जागेत न मावणं, हा शब्द मी त्यानंतर सांगते. आधी शब्द सांगितला की तो पाठ होतो आणि तिथंच राहतो.

म्हणजे इथवर माझे प्रश्न तीन झाले : काय यायला हवं होतं, काय आलं, आणि कुठपर्यंत बरोबर येत होतं. तिसरा फार उपयोगी पडतो. फॅक्टोरियल १ ते १५ ओळीनं छापला की १२ आणि १३ च्या मध्ये बोट ठेवता येतं. लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा भाग) बिघडला तर प्रत्येक फेरीला व्हेरिएबल छापायचा. एक्सेलमध्ये लांबलचक इफ असेल तर इव्हॅल्युएट फॉर्म्युला वापरून एकेक पायरी बघायची, किंवा तो इफ चार कॉलममध्ये मोडायचा. चालत नसलेल्या पूर्ण वस्तूकडे बघत बसण्यापेक्षा चालणारा लहान तुकडा शोधायचा आणि तिथून पुढं जायचं. ड्राय रन, म्हणजे प्रोग्रॅम न चालवता त्याची एकेक ओळ हातानं करून बघणं, मी आजही कागदावरच करून घेते, व्हेरिएबलच्या नावांचे रकाने आखून. मुलं कंटाळतात, तरी मी हे सोडलेलं नाही.

एररच्या मजकुराबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्या मुलांची मोठी अडचण इथं आहे. मजकूर इंग्रजीत असतो आणि मुलं तो वाचतच नाहीत. बघतात, खिडकी बंद करतात, हात वर करतात. मी नियम केला आहे : हात वर करायच्या आधी एरर जर्नलच्या मागच्या पानावर जसाच्या तसा उतरवायचा आणि खाली मराठीत अर्थ लिहायचा. चुकीचा लिहिला तरी चालेल. ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ खाली एका मुलीनं लिहिलं होतं, ‘हे नाव मला कुणी सांगितलेलं नाही’. यापेक्षा चांगला अर्थ मलाही लिहिता आला नसता. ती ओळ मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. चार-पाच आठवड्यांत प्रत्येकाकडे स्वतःचा बारा-पंधरा एररचा कोश तयार होतो, आणि हात वर होण्याचं प्रमाण खरोखर उतरतं, कारण उतरवता उतरवताच निम्म्यांना चूक दिसते.

सोबत तीन गोष्टी सांगून ठेवते. सीमध्ये २३ एरर आले तरी पहिलाच बघायचा, तो काढून पुन्हा कंपाइल करायचं. एका राहिलेल्या महिरपी कंसानं बाकीचे २२ आलेले असू शकतात. सेमीकोलन राहिला तर कंपायलर बऱ्याचदा पुढच्या ओळीकडे बोट दाखवतो, तेव्हा वरची ओळही वाचायची. आणि पायथनचा एरर खालून वर वाचायचा, काय झालं ते शेवटच्या ओळीत असतं.

आता सांगून टाकायचं कधी. जिथं शिकण्यासारखं काही नाही तिथं लगेच. टर्बो सी चालवायला लागणारा डॉसबॉक्स माउंट झाला नाही, कीबोर्डचं चिन्ह भलत्याच ठिकाणी आहे, फाइल चुकीच्या फोल्डरमध्ये गेली, एक्सेलचं कॅल्क्युलेशन मॅन्युअलवर पडलंय. अशा गोष्टींत मुलाला झुरत ठेवणं मला क्रूरपणाचं वाटतं. दुसरं, मूल थकलं असेल तेव्हा. २० मिनिटं एकाच जागी अडलेलं, डोळ्यांत पाणी आलेलं मूल काही शिकत नसतं. त्याला सांगावं, बाहेर जाऊन पाणी पिऊन ये म्हणावं, आणि पुढच्या वेळी तशीच दुसरी चूक असलेली शीट द्यावी. सबमिशनच्या आठवड्यातही मी फार ताणत नाही. त्या आठवड्यात त्यांच्यावर इतर विषयांचंही ओझं असतं.

४० मुलांना हे कसं पुरणार, ही तुमची शंका रास्त आहे. मशीन कमी असण्याचा मी उपयोग करून घेते. दोघं एका मशीनवर, एकाच्या हातात कीबोर्ड, दुसरा फक्त बोलणार, आणि अर्ध्या तासानं बदल. जो बोलतो त्याला विचार शब्दांत मांडावा लागतो, आणि मांडता मांडता तो स्वतःच थांबतो : ‘अरे, इथं डॉलर राहिला.’ सेल जागच्या जागी धरणारं डॉलरचं चिन्ह राहिलं, म्हणून फॉर्म्युला खाली ओढला आणि टक्केवारीचा सेलही सोबत खाली सरकला, ही चूक तर जोडीत मुलं मला न विचारताच काढतात. शिवाय महिन्यातून एकदा मी मोडकी शीट आणि मोडका प्रोग्रॅम देते, प्रत्येकी तीन चुका मुद्दाम घातलेल्या, आणि मार्क चुकीपर्यंत कसे पोचलात ते लिहिण्याला. मोबाईलवर एआयला विचारून कोड आणणाऱ्या मुलांबद्दल तुम्ही काळजी लिहिली आहे. मी बंदी घालत नाही. आणलेल्या कोडमधली एक ओळ मी बदलते आणि आता काय येईल ते न चालवता सांगायला लावते. उत्तर येत नसेल तर सही नाही.

मुलांना मी एक खरी गोष्ट आवर्जून सांगते. कार्मेन राइनहार्ट आणि हार्वर्डचे केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये देशांचं कर्ज आणि वाढ यांवर एक निबंध लिहिला, जगभर त्याचा दाखला दिला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानं वर्गातली असाइनमेंट म्हणून तेच आकडे पुन्हा काढायला घेतले आणि ते जुळेनात. त्यानं त्यांची एक्सेल शीट मागवली. सरासरीची रेंज ३० ते ४९ या ओळींची हवी होती, ती ४४ लाच थांबली होती, पाच देश बाहेर राहिले होते. २०१३ मध्ये त्यानं आपल्या दोन प्राध्यापकांसोबत हे मांडलं. निष्कर्ष बदलण्यात रेंजचा वाटा लहान होता, आकडे निवडण्याचे आणि त्यांना वजन देण्याचे मुद्दे मोठे होते, हेही मी सांगते. पण सेलवर एफ२ दाबलं की रेंजभोवती रंगीत चौकट येते, आणि ती चौकट शेवटच्या ओळीपर्यंत पोचते का हे बघायला अर्धा क्षण लागतो. ही गोष्ट ऐकल्यावर मुलं ती चौकट बघतात.

आता तुमचा व्हीलुकअपवाला मुलगा. आधी चौथा आर्ग्युमेंट, म्हणजे कंसात दिलेली चौथी गोष्ट, बघायला लावा. तो लिहिलाच नाही तर एक्सेल जवळचं उत्तर शोधतं आणि यादी चढत्या क्रमानं आहे असं धरून चालतं. ‘नेहमी फॉल्स लिहा’ असं मात्र पाठ करून देऊ नका, कारण ४०, ५०, ६० मार्कांवरून श्रेणी काढताना जवळचं उत्तरच हवं असतं. इथं नावं शोधायची आहेत, तंतोतंत जुळायला हवीत, म्हणून फॉल्स.

मग त्याला न मिळालेलं एक नाव घेऊन दोन्ही शीटमधल्या त्या नावाची लांबी ‘लेन’ फंक्शननं काढायला सांगा. मराठी नावांत काना-मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात, ‘स्नेहल’ची लांबी ६ येते, तेव्हा आकड्यानं बिचकू नये, दोन्हीकडचा आकडा सारखा आहे का एवढंच बघावं. एकीकडे ६ आणि दुसरीकडे ७ आलं तर तुमचा अंदाज खरा, आणि ट्रिम या जास्तीच्या स्पेस काढणाऱ्या फंक्शनपर्यंत तो स्वतः पोचेल. ट्रिम करूनही ७ च राहिले तर वेबपेजवरून आलेली न तुटणारी स्पेस असेल. तिचा कोड १६० असतो आणि ट्रिम ती काढत नाही. हे मात्र तुम्ही सांगा. आणि यादी ऑफिसातून आलेली असेल तर फॉन्टचं नावही बघा. शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेलं नाव आत इंग्रजी अक्षरांचं असतं. फॉन्ट बदलून एरियल केला की ते उघडं पडतं, आणि युनिकोडमधल्या, म्हणजे आतही मराठी अक्षरंच असलेल्या, नावाशी ते कधीच जुळणार नाही. लांबीचे दोन आकडे शेजारी आले की तुम्ही दोन पावलं मागं सरका, आणि त्याच्या शेजारी बसलेल्याला विचारा, ‘तुला काय वाटतं, हा सातवा कोण असेल?’